दोन वह्यांतली एकच चूक

५ डिसेंबर २०२४ च्या दुपारी बाई माझ्या घरी आल्या त्या बँकेची तक्रार घेऊन. "माझेच पैसे, माझीच ठेव, आणि मलाच देत नाहीत. तुम्ही बँकेत होता ना? अर्ज कुठे करायचा तेवढं सांगा." चपला काढता काढताच एवढं बोलून झालं. हातातल्या पिशवीत ठेवींच्या पावत्या होत्या, रबरबँड लावून, तारखेप्रमाणे.

मी ३१ वर्षं बँकेत काढली. आता गोव्यातल्या फोंड्यात ज्येष्ठांच्या एका गटाचे हिशेब बघतो आणि कुणाचं पेन्शन अडलं, कुणाचा वारस लावायचा राहिला, असली कामं करतो. ऑनलाइन प्रेमाच्या नावाखाली झालेल्या फसवणुकीचं हे प्रकरण माझ्याकडे आलं ते असं, बँकेविरुद्धचं गाऱ्हाणं म्हणून. बाईंच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. रकमांचा आणि तारखांचा क्रम मात्र त्यांच्या डायरीतला आहे. वर्ग संपला की पाठाची नोंद करायची त्यांची जुनी सवय, तीच ही फसवणूक चालली त्या सात महिन्यांतही सुटली नाही.

बाईंचं वय ६८. फोंडा तालुक्यातल्या मराठी शाळांतून त्यांनी उमेदीची सगळी वर्षं शिकवलं. अर्धा गाव त्यांचा विद्यार्थी, म्हणून सगळ्यांच्या त्या बाईच. यजमान चार वर्षांपूर्वी गेले. मुलगा बंगळूरला, बहिणीचा मुलगा फोंड्यात. घर मोठं, पुढे तुळस, मागे कुळागर म्हणजे पोफळी-नारळाची बाग, आणि रात्री एकच दिवा. २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्या माणसांचं प्रमाण केरळनंतर गोव्यातच सगळ्यात जास्त होतं, ११.२ टक्के. आकडा वाचताना काही वाटत नाही. संध्याकाळी सातला गावातून चालत गेलं की कळतं.

ओळख

मे महिन्यात नाट्यसंगीताच्या एका फेसबुक समूहात बाईंनी एका पदाविषयी चार ओळी लिहिल्या. त्याखाली एका गृहस्थाने लिहिलं की हे पद त्याची आई म्हणायची. जन्म गिरगावातला, तीस वर्षं परदेशात, बोटीवर मुख्य इंजिनिअर, बायको वारलेली, मूल नाही. नवव्या दिवशी बोलणं व्हॉट्सॲपवर गेलं. नंबर इंग्लंडचा होता.

परदेशी नंबर पाहून सावध व्हा, असं आपण सगळ्यांना सांगतो. गोव्यात हा सल्ला कुचकामी आहे. इथे वाड्यावाड्यात कुणी लंडनला, कुणी आखातात, कुणी तारवार, म्हणजे बोटीवर. इंग्लंडचा नंबर म्हणजे कुणाचा तरी मुलगा, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय असा नंबर कुठूनही घेता येतो, तो माणूस कुठे बसला आहे हे सांगत नाही.

दुसरी खूण आपण सांगतो ती भाषेची: लिहिणं विचित्र असेल तर संशय घ्या. त्याचं मराठी फार विचित्र होतं. तू आणि आपण एकाच वाक्यात. 'मी आज थकली आहे' असं पुरुष लिहितो. परभाषेतला मजकूर यंत्राने मराठीत ओतल्यासारखं. पण बाईंना त्यात संशय दिसला नाही, विद्यार्थी दिसला. तीस वर्षं बाहेर राहिलेल्या माणसाची भाषा गंजली, एवढंच. त्या त्याला सुधारून पाठवू लागल्या, तो 'धन्यवाद बाई' म्हणून पुन्हा बरोबर लिहू लागला. निवृत्तीनंतर दहा वर्षांनी त्यांना कुणीतरी वही तपासायला दिली होती. (आता यंत्रांचं मराठी सुधारत चाललं आहे, ही खूणही फार दिवस हाताशी राहणार नाही.)

तो रोज पहाटे साडेपाचला आणि दिवेलागणीला लिहायचा. मधुमेहाची गोळी घेतली का, हे दोनदा विचारायचा. मुलगा हाच प्रश्न रविवारी एकदा विचारायचा. मुलाला मी यात दोष देत नाही, नोकरी करणाऱ्या माणसाचा रविवारच असतो. पण ज्याचा धंदाच विचारपूस हा आहे, त्याच्याशी त्याची बरोबरी कशी व्हावी?

जूनमध्ये एकदा व्हिडिओ कॉल झाला, चाळीसेक सेकंदांचा. चेहरा फोटोतलाच, ओठ आणि आवाज मागेपुढे. समुद्रात रेंज नाही म्हणाला. आधी मुद्रित केलेली चित्रफीत लावून किंवा चेहरा बदलून असे कॉल करता येतात, हे बाईंना तेव्हा ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

तीन महिने त्याने एक पैसा मागितला नाही. याच तीन महिन्यांत एक गोष्ट हळूच घडली. 'मुलाला एवढ्यात सांगू नकोस, मी आलो की दोघे मिळून सांगू.' बाईंच्या आयुष्यात आता एक गुपित होतं, आणि ते राखायला त्या मुलाशी थोडं कमी बोलू लागल्या. माझ्या मते चोरी सुरू झाली ती इथे. पैसे नंतर गेले.

पैसे

२०२४ ची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, ७ सप्टेंबरला होती. ऑगस्टच्या शेवटी त्याने लिहिलं की चवथीसाठी पार्सल पाठवलं आहे: फोन, घड्याळ, साडी, आणि घरदुरुस्तीला थोडे पाउंड. २९ ऑगस्टला दिल्लीच्या विमानतळावरून 'कस्टम्स'च्या एका बाईचा फोन आला. शुल्क ३८,५०० रुपये. बाईंनी भरले. ३ सप्टेंबरला पुन्हा तीच: पेटीत परकीय चलन सापडलं, दाखला लागेल, नाहीतर गुन्हा दाखल होईल, तुमच्यावर आणि पाठवणाऱ्यावरही. आणखी १,१५,००० गेले.

हा प्रकार देशात वर्षानुवर्षं चालू आहे, आणि त्यातला 'गुन्हा दाखल होईल' हा भाग सगळ्यात कसलेला. पहिली रक्कम माणूस आशेने भरतो, दुसरी भीतीने. खऱ्या कस्टम्सचं शुल्क कुणा व्यक्तीच्या बचत खात्यात भरायचं नसतं, आणि नोव्हेंबर २०१९ पासून त्यांच्या पत्रव्यवहारावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो, तो त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. बाईंना आलेल्या पत्रावर अशोकस्तंभ होता, शिक्के दोन होते, डीआयएन नव्हता.

पार्सल आलं नाही. पण तो मात्र चवथीच्या दिवसभर फोनवर होता. बाईंनी माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर फळं-भाज्या बांधतात त्या चौकटीचे, फोटो पाठवले, कोणतं फळ कोणतं ते लिहून. पुढच्या वर्षी माटोळी मी बांधीन, असं त्याने लिहिलं.

१४ नोव्हेंबरला बोटीवर अपघात झाला. इंजिनरूममध्ये भाजला, कुठल्याशा बंदरात इस्पितळात आहे, खातं गोठलं आहे. बाईंनी एक ठेव मोडून २,४०,००० पाठवले. एकूण ३,९३,५००. आणि ५ डिसेंबरला त्या नऊ लाखांची ठेव मोडायला गेल्या: कंपनीचा करार सोडवून तो कायमचा गोव्याला यायचा होता.

काउंटरवर

काउंटरवरची मुलगी त्यांचीच विद्यार्थिनी. पैसे पाठवायचं खातं दुसऱ्या टोकाच्या राज्यातलं, नाव भलत्याच कुणाचं, कारण 'घरदुरुस्ती'. तिने अर्ज उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "बाई, सही जुळना. फाल्यां येयात." उद्या या.

सही जुळत होती. नियमाच्या पुस्तकात हे बसत नाही, आणि बँकेत असताना मी असं करणाऱ्याला मेमो दिला असता. आज मी त्या मुलीला मनातल्या मनात नमस्कार करतो. या सगळ्या प्रकरणात पहिली मोलाची गोष्ट तिने केली, ती म्हणजे एक दिवस मिळवला.

बाई ऐकणाऱ्या नव्हत्या, त्या थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये गेल्या. मॅनेजरने चहा मागवला. वाद घातला नाही, उपदेश केला नाही. एका कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहून पुढे ठेवल्या: ज्यांना ही रक्कम पाठवत आहे त्यांना मी प्रत्यक्ष ओळखते व भेटलेली आहे. सही करा, लगेच करून देतो.

बाईंनी पेन उघडलं आणि मिटलं. "भेटलेली नाही," त्या म्हणाल्या. खोटं कारण सांगण्यापर्यंत त्या इंजिनिअरने त्यांना पढवलं होतं, पण लिहिलेल्या खोट्याखाली सही करणं त्यांच्याच्याने झालं नाही. रागावून उठल्या आणि रिक्षा करून माझ्याकडे आल्या.

माझी चूक

मी पावत्या पाहिल्या, चार प्रश्न विचारले, आणि पाचव्या मिनिटाला म्हणालो, "बाई, ही फसवणूक आहे. तो माणूस अस्तित्वातच नाही." मला वाटलं मी त्यांना वाचवतो आहे. बाईंनी चहाचा कप न उचलताच पिशवी उचलली.

मग मी दुसरी चूक केली. भाच्याला फोन लावला. त्याने घाबरून बंगळूरला कळवलं. मुलगा शनिवारच्या पहिल्या विमानाने आला, ओरडला, "आई, लोकांना काय सांगू मी?" म्हणाला, आणि स्मार्टफोन काढून घेऊन बटणांचा फोन हातात ठेवला. त्याच संध्याकाळी बाईंनी शेजारच्या मुलीच्या फोनवरून फेसबुक उघडून त्याला निरोप पाठवला: घरचे विरोधात आहेत, धीर धर. म्हणजे आता त्या दोघांची एक बाजू झाली आणि आम्ही सगळे दुसऱ्या बाजूला. त्याने सात महिने जे बांधत आणलं होतं, ते आम्ही तीन दिवसांत पुरं केलं.

या गुन्ह्यात पुरावा दाखवून माणूस बाहेर येत नाही. नऊ लाख वाचावेत म्हणून मी घाई केली, पण ते त्या क्षणी बँकेत सुरक्षित होते. घाई करायची ती पैशाच्या वाटा अडवण्याची. माणसाशी मात्र घाई चालत नाही, आणि मी नेमकं उलटं केलं.

मुलगा परत गेला. भाच्याने चौथ्या दिवशी गुपचूप फोन परत आणून दिला आणि म्हणाला, "मावशी, मी काही विचारणार नाही. फक्त मोठी रक्कम पाठवण्याआधी एक रात्र जाऊ दे आणि मला सांग." त्या हो म्हणाल्या. हा करार मोडला नाही, हे इथेच सांगून टाकतो.

तारवटी

शेजारी एक निवृत्त तारवटी राहतात, पंचवीसेक वर्षं मालवाहू बोटींवर काढलेले. बाई त्यांच्याकडे स्वतःहून गेल्या, अपघाताचं काही कळेल म्हणून. त्यांनी एकच विचारलं, "बाई, तांच्या बोटीचें नांव कितें? आयएमओ नंबर कितें?"

प्रत्येक मोठ्या व्यापारी बोटीला सात आकडी आयएमओ क्रमांक असतो. बोटीचं नाव बदललं, झेंडा बदलला, मालक बदलला तरी तो बदलत नाही. बाईंनी विचारला, आणि दीड तासाने उत्तर आलं: ९३४८२१७. मुख्य इंजिनिअरला हा नंबर द्यायला दीड तास लागतो, तिथेच तारवटी हसले.

या क्रमांकाची एक गंमत आहे. पहिल्या सहा आकड्यांना क्रमाने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचं आणि बेरीज करायची. बेरजेचा शेवटचा आकडा हाच क्रमांकाचा सातवा आकडा असतो. तारवटींनी कॅलेंडरच्या मागे पेन्सिलने मांडलं: ६३, १८, २०, ३२, ६, २. बेरीज १४१. शेवटी १ यायला हवा होता, होता ७. अशा नंबरची बोट जगात असूच शकत नाही.

त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. बोटीवर माणूस जखमी झाला तर औषधपाण्याचा आणि घरी पाठवण्याचा खर्च मालकाचा असतो. २००६ च्या सागरी कामगार करारात ते लिहिलेलं आहे, आणि भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला आहे. आणि बोटीवर काम करणाऱ्या भारतीयाकडे सीडीसी हे खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक आणि इंडोस हा खलाशांच्या राष्ट्रीय नोंदणीचा नंबर असतो, तो त्याला झोपेत विचारला तरी सांगता येतो.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. गणित पुन्हा स्वतः करून पाहिलं. आणि म्हणाल्या, "आकडा लिहिताना चुकला असेल. त्यांचं लेखन तसंच आहे."

माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात शिकण्यासारखं वाक्य हेच. याहून स्वच्छ पुरावा मिळणं अवघड होतं. पण तो दुसऱ्याने आणलेला होता, आणि चुका माफ करायची सवय त्या नात्याच्या पायातच होती.

तिसरी रांग

२२ डिसेंबरला, रविवारी, आमच्या गटाची बैठक होती. विषय ऑनलाइन फसवणूक. बाई आल्या त्या भाचा सोडायला आला म्हणून. मी ठरवलं होतं की त्यांच्याकडे बघायचंही नाही. आमच्या एका सदस्याच्या नात्यातल्या बाईला दुसऱ्या तालुक्यात असाच अनुभव आला होता. तिने आपले संदेश नावं खोडून आम्हाला वापरायला दिले होते. त्यातला एक मी वाचला:

'माझा सकाळ तुझ्या नावाने उघडतो, आणि मी दिवसभर तुला चुकवतो.'

लोक हसले. तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "परत वाचा."

मी परत वाचलं.

"तारीख?"

फेब्रुवारी. बाईंचा त्याच्याशी पहिला शब्द मे महिन्यातला.

त्या उभ्याच होत्या. माझ्याशी नाही, समोरच्या भिंतीशी बोलल्यासारख्या म्हणाल्या, "सकाळ स्त्रीलिंगी. आणि चुकवणं म्हणजे टाळणं. आठवण येते असं म्हणायचं." थोड्या वेळाने: "दोन मुलांची उत्तरं बरोबर आली तर दोघांनी अभ्यास केला म्हणते मी. दोघांची चूक एकसारखी, एकाच जागी असली, तर मग पाहून लिहिलेलं असतं."

हेच वाक्य त्याने त्यांना जूनमध्ये पाठवलं होतं. त्यांनी ते सुधारलं होतं. त्या दोघांमधलं ते पहिलं हसणं होतं, असं त्यांनी मला खूप नंतर सांगितलं.

हे मी योजून घडवलं असं म्हणायला मला आवडेल, पण तसं नाही. मी बाईंचे संदेश पाहिलेच नव्हते. ते वाक्य माझ्या कागदावर होतं हा योग. मात्र त्या खोलीत यायला त्यांना लाज वाटली नाही, हा योग नव्हता. ते भाच्याचं काम. आणि नऊ लाख तोवर जागेवर होते ते काउंटरवरच्या मुलीमुळे.

असे मजकूर एकाच साच्यातून निघतात, कारण लिहिणारा एक माणूस नसतो. पाळ्या लावून लिहितात. कंबोडिया आणि म्यानमारमधल्या अड्ड्यांविषयी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये अहवाल दिला. असल्या कामाला जबरदस्तीने बसवलेले लोक म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० असावेत, असा त्यातला अंदाज आहे. बाईंचा 'इंजिनिअर' कुठे बसला होता ते माहीत नाही.

तक्रार

त्याच संध्याकाळी बाईंच्या घरून १९३० वर फोन केला. ही राष्ट्रीय सायबर मदतवाहिनी. तक्रार नोंदली की पैसे गेलेल्या बँकेला, तिथून पुढच्या बँकेला निरोप जातो, आणि वाटेत कुठे रक्कम शिल्लक असेल तर ती तिथेच अडवली जाते. व्यवहाराचा क्रमांक, तारीख, रक्कम, समोरचं खातं एवढं हाताशी लागतं. बाईंच्या डायरीत सगळं होतं, फोनवरच्या मुलीला वाट बघावी लागली नाही.

पण २,४०,००० जाऊन ३८ दिवस झाले होते. ती रक्कम त्याच दुपारी तीन खात्यांत फुटून पुढे गेली होती. भाड्याने दिलेली खाती असतात ही, कमिशनवर. अडकले ११,७०० रुपये. २९ ऑगस्टलाच फोन झाला असता तर काय, हा प्रश्न बाईंनी एकदाच विचारला, आणि मी त्याचं उत्तर दिलं नाही.

सोमवारी रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. १९३० वरची नोंद आणि गुन्ह्याची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून जाणं भाग होतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ड कलम, आणि भारतीय न्याय संहितेतली फसवणुकीची ३१८ आणि ३१९ ही कलमं. संदेशांच्या छापील प्रती मागितल्या होत्या. बाईंनी घरून आणल्या, दोनशेच्या वर पानं. अधिकाऱ्याने चाळता चाळता विचारलं, "ह्या लाल शाईच्या खुणा कुणी केल्या?" बाईंनी मान खाली घातली नाही, हे मी बघितलं.

बँक भरपाई देईल का, असं पुष्कळजण विचारतात. ६ जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा नाही, असं होतं खरं. पण ते ग्राहकाच्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी. इथे ओटीपी बाईंनीच घातला होता, अर्जावर सही त्यांचीच. प्रेमाने फसवणाऱ्याला खात्यात घुसावं लागत नाही, दार आतूनच उघडतं. म्हणून अशा प्रकरणात पैसे परत मिळण्याची वाट फार अरुंद आहे, आणि जे काही करायचं ते आधी.

नंतरचे दिवस

२७ डिसेंबरला त्याचा निरोप आला. मी खोटा आहे, मला हे काम करायला लावतात, पण तुझ्यावरचं माझं प्रेम खरं आहे. एक अक्षर चुकलेलं नव्हतं. पकडलं गेल्यावर कबुलीजबाब देऊन परत आत शिरणं, ही या धंद्यातली नेहमीची चाल. बाईंनी तो निरोप आम्हाला दाखवला तो दोन दिवसांनी. त्या दोन दिवसांविषयी मी विचारलं नाही.

जानेवारीत 'सायबर सेलमधून' फोन: तुमचे पैसे सापडले, सोडवायला १५,००० भरा. एकदा फसलेल्यांची यादी विकली जाते, म्हणून हा दुसरा फोन येणार हे भाच्याने आधीच सांगून ठेवलं होतं. बाईंनी "बरं, लिहून पाठवा, मी तपासते" म्हणून ठेवून दिला.

पैशांची व्यवस्था लावायला एक दुपार पुरली. नेट बँकिंगची मर्यादा १०,००० वर आणली. ठेवी दोघांच्या सहीशिवाय मोडणार नाहीत अशा करून घेतल्या. 'दोघांपैकी कुणीही' हा नेहमीचा पर्याय इथे उपयोगाचा नाही, हे खास सांगतो. दुसरी सही कुणाची, हे बाईंनी ठरवलं: भाच्याची. मुलाला ते लागलं. पण निर्णय त्यांचा होता, आणि तो त्यांचाच असायला हवा होता, नाहीतर आम्हीही त्यांचं खातं काढून घेणारेच ठरलो असतो. व्हॉट्सॲपवर अनोळखी कॉल गप्प करण्याची सोय चालू केली. एक रात्रीचा नियम त्यांनी स्वतःच कायम केला: "उडीद भिजत घालतो तसे पैसेही रात्रभर भिजत घालायचे."

बाकीच्याला दुपार पुरली नाही. मोनिका व्हिटी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अशा फसवणुकीत सापडलेल्यांचा अभ्यास केला आहे. त्या म्हणतात की यात घाव दोन बसतात, एक पैशाचा आणि एक माणूस गेल्याचा, आणि पुष्कळांना दुसराच जास्त लागतो. आपल्याकडे गेलेल्या माणसाचं दहावं, बारावं होतं, लोक येऊन बसतात. जो नव्हताच त्याच्यासाठी कोण येऊन बसणार? उलट भजनात कुजबुज झाली, 'ह्या वयात' असे शब्द बाईंच्या कानावर आले आणि त्यांनी भजनाला जाणं सोडलं. अमेरिकेच्या व्यापार आयोगाकडे २०२२ या एका वर्षात सुमारे ७०,००० लोकांनी अशी तक्रार केली, १.३ अब्ज डॉलर बुडाल्याची, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "त्यातल्या किती जणी मास्तरीण होत्या?"

उपयोगी पडलं ते वेगळंच. तारवटींची बायको दिवेलागणीला ताटलीत काहीतरी झाकून घेऊन येऊ लागली. काही विचारायची नाही, उंबऱ्यावर बसायची, अर्धा तास, कधी बोलत, कधी नुसतीच. तिला कुणी सांगितलं नव्हतं. साडेपाच आणि पावणेसात या दोन वेळा रिकाम्या झाल्या होत्या, आणि त्या वेळा कुणीतरी भरल्याशिवाय तो माणूस दुसऱ्या नावाने परत आला असता. पहाटेची वेळ आता मुलाने घेतली आहे. तो बंगळूरहून रोज विचारतो, "आई, गोळी घेतली?" पहिला महिनाभर बाई फक्त 'हो' म्हणून फोन ठेवायच्या. चवथीला तो आठ दिवस येऊन राहिला आणि माटोळी त्याने बांधली, वाकडी.

तपास चालू आहे. अडकलेल्या ११,७०० साठी कोर्टात अर्ज केला आहे. बाई फेब्रुवारीपासून भजनाला जातात, आणि आमच्या गटात कुणाला संशयास्पद संदेश आला तर तो आधी त्यांच्याकडे जातो. लाल पेन त्या पर्समध्येच ठेवतात. त्याचा नंबर त्यांनी ब्लॉक केला आहे, पुसलेला नाही. पोलिसांनी ठेवायला सांगितलाय म्हणून, असं त्या सांगतात.